कड्या मागवणारी बाई

ही गोष्ट खरी आहे असं मी म्हणणार, आणि तुम्ही मनात म्हणणार, सगळेच असं म्हणतात.

म्हणा. अशा गोष्टी वाचताना मीसुद्धा तेच म्हणायचे.

एवढंच आधी सांगून ठेवते, की यात मध्यरात्र नाही. वादळ नाही, दिवे गेले नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं. लख्ख उन्हात. आणि मी एकटी नव्हते. माझा दादा सोबत होता. त्याला विचारलंत तर तो विषय बदलेल, पण खोटं म्हणणार नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दारं-खिडक्यांचं सामान विकतो. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, मुठी, कुलुपं. आधी रस्त्यावर दुकान होतं. जागेचं भाडं डोईजड झालं, तेव्हा त्याने सगळा माल घराच्या मागच्या खोलीत आणला आणि धंदा ऑनलाइन केला. दादा माल बांधतो. वहिनी फोटो काढते, साठा बघते. आणि कार्डाने भरलेले पैसे खरे की खोटे, हे बघायचं काम माझं.

ते काम असं असतं. कुणी कार्डाने पैसे भरले की ते लगेच आमचे होत नाहीत. पैसे गोळा करणारी एक कंपनी असते, ती आधी व्यवहार चाळून बघते. सगळं ठीक असेल तर माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण. काही खटकलं तर पिवळी. पिवळी आली की माल अडवायचा, ग्राहकाला फोन करायचा, दोन-चार प्रश्न विचारायचे. मग 'मंजूर' नाहीतर 'नामंजूर'. चोरीच्या कार्डावर माल पाठवला तर माल जातो, पैसे जातात, वर दंड बसतो. अशा तक्रारी वाढल्या तर कंपनी खातंच बंद करते. म्हणजे आमची चूल बंद.

दादा मला म्हणतो, "तू आमची राखणदार."

वहिनी म्हणते, "राखणदार कसली, चोंबडी! लोकांच्या घरात डोकवायचा पगार मिळतो तिला."

तर त्या दुपारी अशीच एक पिवळी खूण आली.

ऑर्डर एका कडीची होती. साधी, लोखंडी, जाड, आडवी सरकवायची कडी. कार्डावर एका बाईचं नाव. कार्डाचा पत्ता शहराच्या मधल्या भागातला, आणि माल पाठवायचा होता पार शहराच्या कडेला. पत्ते जुळत नव्हते, एवढंच. हे रोजचंच.

मी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

मग कुणीतरी उचलला...

पण बोललं कुणीच नाही. फक्त श्वास ऐकू येत होता. जिना चढून आल्यावर माणूस धापा टाकतं ना, तसा.

"नमस्कार," मी म्हटलं. "तुम्ही आमच्याकडून एक कडी मागवलीय. पैसे तुम्हीच भरलेत ना, एवढं विचारायचं होतं."

"हो... मीच."

घोगरा आवाज. शब्दांचे शेवट गिळणारा.

"बाई, दम लागलाय का तुम्हाला? मी नंतर करू का फोन?"

"नको. पाठवा. लवकर पाठवा."

मी कार्डाचे शेवटचे आकडे विचारले. तिने बरोबर सांगितले. दोन्ही पत्ते विचारले. तेही बरोबर. मी 'मंजूर' दाबलं आणि विसरून गेले.

थोड्याच दिवसांत परत तीच ऑर्डर आली.

तेच कार्ड, तोच पत्ता, एकच कडी. परत पिवळी खूण, परत माझा फोन, परत तो श्वास. "हो... मीच. पाठवा."

मग परत. आणि परत.

दादाला गंमत वाटली. "चोरीचं कार्ड असतं तर माणसाने मोबाइल घेतला असता, घड्याळ घेतलं असतं. कड्या घेतो म्हणजे चोरालाच चोराची भीती!"

"घर बांधत असतील," वहिनी म्हणाली.

"घर बांधणारा डझनाने घेतो गं. एकेक नाही."

मलाही ते खटकलंच होतं. पुढच्या फोनला मी न राहवून म्हटलं, "बाई, एकदम पाच-सहा मागवा ना. दर वेळी पाठवणावळ कशाला भरता?"

पलीकडे नुसता श्वास.

मग ती म्हणाली, "एक उघडायला शिकला... की दुसरी लागते."

मला हसू आलं. माझा भाचा असाच होता. फ्रिजला खटका लावला की दोन दिवसांत काढायला शिकायचा. "लहान मूल आहे वाटतं घरात?"



"लहान नाही," ती म्हणाली.

माझं हसू तिथेच विरलं. डोक्यात भलतंच आलं. दारू पिऊन दार ठोठावणारा कुणी नवरा, कुणी दीर... अशा घरांबद्दल आपण ऐकतोच. मी आवाज खाली आणून विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी त्रास देतंय का? मी कुणाला पाठवू का मदतीला?"

फोन कट झाला.

मी 'मंजूर' दाबलं. नियमात बसत होतं म्हणून नाही. त्या बाईला कडीची गरज आहे असं वाटलं म्हणून.

आमचा माल नेणारे कुरियरवाले काका दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी त्यांना गाठलं. "काका, त्या कडेच्या वस्तीत कडी नेऊन देता ना तुम्ही? बाई कशा आहेत हो त्या?"

काका विचार करू लागले. "तोंड कधी बघितलं नाही बघ. दार किलकिलं असतं. मी हाक मारतो, आतून म्हणतात, तिथेच ठेवा."

"बाहेर येत नाहीत?"

"मी एकदा म्हटलं, बाई, घ्या की हातात, कुणी उचलून नेईल. तर म्हणाल्या..."

काकांनी पिशवी खांद्यावर घेतली.

"म्हणाल्या, हात मोकळे नाहीत माझे."

मी टेबलापाशी आले. पुढची ऑर्डर उघडली. आणि मग एकदम डोक्यात आलं.

हात मोकळे नसतात, तर फोन कशात धरते?

त्याच आठवड्यात बँकेकडून तक्रार आली.

त्या कार्डावरच्या सगळ्या खरेद्या नाकारल्या होत्या. पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत. कारणाच्या जागी दोनच शब्द होते.

कार्डधारक मयत.

दादाचा पारा चढला. "गोड बोलून गंडवलं तुला! मेलेल्या बाईचं कार्ड उचललंय कुणीतरी. आणि तू तिच्याशी गप्पा मारत बसलीस!"

"अरे, सगळे आकडे बरोबर सांगितले तिने."

"चोर आकडे पाठ करूनच येतो!"

वहिनी मध्ये पडली. "भांडत काय बसलात? पुरावे पाठवा. पार्सलचे फोटो आहेत, फोनचं रेकॉर्डिंग आहे."

ते खरं होतं. आम्ही असे सगळे फोन रेकॉर्ड करतो. मी पहिला फोन काढला आणि तिघं ऐकायला बसलो.

माझा आवाज आला. "नमस्कार. तुम्ही आमच्याकडून एक कडी मागवलीय..."

मग शांतता.

मग परत माझाच आवाज. "बाई, दम लागलाय का तुम्हाला? मी नंतर करू का फोन?"

परत शांतता...

मी पुढचा फोन लावला. त्याच्या पुढचाही. सगळीकडे मी एकटीच बोलत होते. प्रश्न विचारत होते, थांबत होते, "बरोबर" म्हणत होते, हसत होते.

तिचा एकही शब्द नव्हता. श्वाससुद्धा नाही.

वहिनीने हात पुढे करून ते बंद केलं. 

दोन दिवसांनी दुपारी दारावर एक गृहस्थ आले. उतारवयाचे, नीटनेटके, हातात टोपी. आम्ही पुरावा म्हणून पाठवलेल्या पार्सलच्या फोटोंवरून आमचा पत्ता त्यांना बँकेत मिळाला होता. शहराच्या मधल्या भागात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, कार्डाचा पत्ता तिथलाच. आम्ही त्यांना चष्मेवालेच म्हणू लागलो, आणि इथेही तसंच म्हणते, कारण नाव सांगू नका असं त्यांनीच सांगितलंय.

मला वाटलं, भांडायला आलेत. पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"पैशांसाठी नाही आलो," ते म्हणाले. "माझ्या खात्यावर बायकोचं वेगळं कार्ड होतं. ती गेल्यावर बंद करायला हवं होतं. मन होत नव्हतं. आता तिच्या नावाने कोण बोलतंय, ते मला कळायला हवं."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी रेकॉर्डिंग लावलं.

त्यांनी मान खाली घालून ऐकलं. माझा आवाज, शांतता, माझा आवाज. वेडी समजतील म्हणून मी काही सांगायला जाणार, एवढ्यात ते म्हणाले, "हे परत लावा."

मी लावलं. "बाई, दम लागलाय का तुम्हाला?"

"हे का विचारलंत तुम्ही?"

"त्या धापा टाकत होत्या म्हणून. जोर लावताना माणूस टाकतो ना, तशा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनीने पटकन पाणी आणून दिलं.

मग त्यांनी सांगितलं. कडेच्या वस्तीतलं ते घर त्यांचंच होतं. नवरा-बायको दोघंच राहायचे. घरात एक आतली खोली होती, अडगळीची. बायको म्हणायला लागली, त्या खोलीत कुणीतरी आहे. ते रात्री नाही, दिवसा दार ढकलतं. यांनी डॉक्टर केले, औषधं केली. ती म्हणायची, "औषध नको, दाराला कडी बसवा." यांनी एक बसवली. थोड्या दिवसांनी ती म्हणाली, "आता दुसरी बसवा." तेव्हा मात्र हे चिडले. म्हणाले, पुरे झाली ही थेरं.

"दुकानातून घरी आलो, तर ती बोळात बसलेली," ते म्हणाले. "पाठ त्या दाराला लावून. पाय समोरच्या भिंतीला घट्ट टेकवून. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण ते पाय... आम्हाला सरळ करता येईनात."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या दिवशीच घराला कुलूप लावलं. परत पाऊल ठेवलं नाही."

मी ऑर्डरमधला टेलिफोन नंबर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला. "हा घरातलाच नंबर. पण ती लाइन मी केव्हाच बंद केलीय. तारच कापून टाकलीय."

दादा उठला. माझ्या दादाचं हे असं असतं, भीती वाटली की तो आधी राग काढतो. "कुणीतरी घुसून राहतंय तिथे. बंद घर, मेलेल्या माणसाचं कार्ड, बरं सापडलंय त्यांना. चला, आत्ताच बघून येऊ. भर दुपार आहे, तिघं आहोत."

वहिनी म्हणाली, "हिला नको नेऊस."

पण आवाज फक्त मी ऐकला होता. मला जावंच लागलं.

बंद पडलेल्या एका कारखान्यामागे बैठ्या घरांची ओळ होती. शेवटचं घर त्यांचं. समोर दोन मुली सायकल शिकत होत्या. एक बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. भीती वाटावी असं काही म्हणजे काही नव्हतं.

दाराला कुलूप होतं. गंजलेलं. चष्मेवाल्यांनी किल्ली घातली, ती फिरेना. दादाने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे उघडलं.

मग कुरियरवाल्या काकांना दार किलकिलं कसं दिसायचं?

प्रश्न तसाच ठेवून आत गेलो.

सामानावर चादरी. जमिनीवर धुळीचा जाड थर, आणि त्या थरावर एकाही पावलाचा ठसा नाही. बाहेरच्या खोलीपलीकडे अरुंद बोळ. बोळाच्या तोंडाशी स्टुलावर टेलिफोन, त्याची तार गुंडाळून ठेवलेली. तारेचं टोक कापलेलं.

आणि बोळात, बाजूच्या भिंतीला, ते दार...

कड्या लावलेल्या होत्या.

वरपासून खालपर्यंत. एकाखाली एक. सगळ्या आमच्याच. मी एकेक करून 'मंजूर' केलेल्या. सुतारानेही इतक्या सरळ बसवल्या नसत्या. सगळे स्क्रू पक्के. सगळ्या कड्या सरकवलेल्या.

बाहेरच्या बाजूने.

तेव्हा मला कळलं. ती कुणाला घरात येण्यापासून अडवत नव्हती. ती कुणाला तरी बाहेर येऊ देत नव्हती.

दारासमोर जमिनीवर धूळ नव्हती. माणूस बसेल एवढीच जागा स्वच्छ, गुळगुळीत. आणि समोरच्या भिंतीवर खाली, रंग उडून पडलेले दोन डाग. पावलांएवढे.

"कुणी बसवल्या या?" दादा कुजबुजला.

तेवढ्यात आतून दारावर टकटक झाली...

अगदी हलकी. बोटाच्या पेराने करावी तशी.

"अहो..."

चष्मेवाल्यांनी भिंत धरली.

"अहो, आलात तुम्ही? कडी काढा ना. किती वेळ झाला मी आत आहे. मला तहान लागलीय हो. काढा ना कडी."

"हिचाच आवाज," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अहो, हिचाच आवाज आहे हा!" आणि त्यांनी वरची कडी ओढली.

दादाही धावला. त्याला दोष देत नाही. आत माणूस कोंडलंय असं वाटल्यावर कोण गप्प उभं राहील? दोघं मिळून कड्या काढायला लागले. लोखंडाचा खडखड आवाज, आणि आतून ते बोलणं चालूच.

"आलेच मी. झालंच. अजून थोड्याच राहिल्यात. तुम्ही किती दमलात. मी आले की पाणी देते तुम्हाला. काढा, तीही काढा, खालचीही काढा..."

मी नुसती ऐकत होते. आवाज गोड होता. स्वच्छ. एकेक शब्द शेवटपर्यंत पुरा.

आणि काहीतरी चुकत होतं. काय ते लक्षात यायला मला वेळ लागला.

ती मध्ये श्वास घेत नव्हती.

इतकं लांब बोलत होती, आणि कुठेही, एकदाही श्वास नाही.

"दादा, थांब!" मी ओरडले. "ही ती नव्हे!"

"वेड लागलंय का तुला? आत माणूस आहे!"

"ही ती नव्हे, दादा!"

तेव्हा माझ्या हातातला मोबाइल वाजला...

स्क्रीनवर नंबर आला. मला तो आता पाठ झाला होता. ज्या टेलिफोनचा तो नंबर, तो माझ्या समोर स्टुलावर होता. मुका. तार कापलेला.

मी उचलला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

धापा. त्याच धापा. पण आता त्या तुटत चालल्या होत्या.

"लावा..." ती म्हणाली. "लावा हो... माझ्याच्याने... आता..."

चष्मेवाल्यांचा हात कडीवर थांबला. दारामागून गोड आवाज येत होता, "काढा ना." माझ्या हातातून घोगरा आवाज येत होता, "लावा." दोन्ही एकाच बाईचे. एकाच वेळी.

खालची एकच कडी उरली होती. लाकूड करकरलं. दार मधोमध फुगल्यासारखं बाहेर आलं.

त्यांनी एकदा माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग वळले, पाठ दाराला टेकवली, आणि खाली बसले. पाय समोरच्या भिंतीला लावले. बरोबर त्या दोन डागांवर.

"लावा!" ते ओरडले. "लावा सगळ्या!"

दादा आणि मी कड्या सरकवत सुटलो. माझी नखं तुटली, तेही नंतर कळलं. दार आतून ढकलत होतं. धडका नव्हत्या, घाई नव्हती. नुसता दाब. पाण्याचा असतो तसा.

वरची कडी बसली आणि दाब थांबला.

आत शांतता झाली.

मग दारामागून, अगदी सावकाश, कुणीतरी म्हणालं...

"दादा, थांब. ही ती नव्हे."

माझ्याच आवाजात.

दादाने माझं मनगट धरलं. ते अजून दुखतंय असं वाटतं मला.

फोन चालू होता. त्यातून तिने एवढंच विचारलं, "लागल्या?"

"लागल्या," मी म्हटलं.

एक लांब श्वास ऐकू आला. ओझं खाली ठेवल्यावर सोडतो तसा. मग काहीच नाही.

त्यानंतर तिचा फोन कधीच आला नाही.

चष्मेवाल्यांनी बँकेतली तक्रार मागे घेतली. चष्म्याचं दुकान विकलं. आणि त्या घरात राहायला गेले.

दादाने त्यांना परोपरीने समजावलं. घर पाडून टाका, पोलिसांना सांगा, कुणालातरी बोलवा. ते म्हणाले, "पाडलं तर ते जाईल कुठे? आणि कुणाला काय सांगू? मी बायकोचं ऐकलं नाही, माझं कोण ऐकणार? इतके दिवस ती एकटी बसली. आता तिला आराम करू दे."

मग त्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. स्वतःच्या कार्डावरून, स्वतःच्या नावाने. हिरवी खूण. तरीही मी फोन करायचेच. ते खोकायचे, खाकरायचे, दम खात बोलायचे. चेष्टाही करायचे. "कडी झकास आहे तुमची, पण स्क्रू हलके देता बरं का. दादाला सांगा, कंजुषी बरी नव्हे." मी सांगायचे. दादा पुढच्या पार्सलमध्ये मूठभर जाड स्क्रू टाकायचा आणि त्यांचे पैसे घ्यायचा नाही.

हे पावसाळाभर चाललं. मग ऑर्डरी थांबल्या.

मी फोन केला की नुसता वाजायचा. दादा म्हणायचा, जाऊन येऊ. निघायच्या वेळी तोच म्हणायचा, उद्या जाऊ.

गेल्या सोमवारी सकाळी स्क्रीनवर पिवळी खूण आली.

ऑर्डर नव्हती. माल परत करायची विनंती होती. त्यांच्या नावावर गेलेल्या सगळ्या कड्या, आणि त्यांच्या बायकोच्या नावावर गेलेल्याही. कारण निवडायला आमच्याकडे एक यादी असते. वस्तू सदोष आहे, माप चुकलं, उशिरा मिळाली, असं. त्यातलं त्यांनी निवडलं होतं...

आता गरज उरली नाही.

मी वहिनीला हाक मारली. ती आणि दादा माझ्या पाठीशी उभे राहिले. मी नंबर लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"नमस्कार, बोला." चष्मेवाल्यांचाच आवाज. ठणठणीत. वहिनीच्या चेहऱ्यावर हसूच फुटलं.

"बरे आहात ना?" मी विचारलं. "फोन उचलत नव्हता, आम्ही घाबरलो होतो."

"उत्तम आहे अगदी उत्तम आहे मी आता कड्या लागत नाहीत सगळ्या काढून ठेवल्यात नीट पुसून खोक्यात भरल्यात एकही हरवलेली नाही तुमचे स्क्रूसुद्धा आहेत..."

मी ऐकत राहिले. तो बोलतच होता. गोड, स्वच्छ. एकेक शब्द शेवटपर्यंत पुरा.

माझ्या खांद्यावर दादाचा हात होता. तो हळूहळू घट्ट होत गेला. त्यालाही कळलं होतं.

"कुरियर पाठवते मी," मी कसंबसं म्हटलं.

"नको नको कशाला त्रास पार्सलवर तुमचा पत्ता छापलेलाच आहे मीच घेऊन येतो."

फोन बंद झाला.

विनंती अजून स्क्रीनवर तशीच आहे. मी मंजूरही केलेली नाही, नामंजूरही नाही. दोन्हीतलं काहीही दाबलं तर काय होईल, मला माहीत नाही.

तेव्हापासून आमच्या दारावर टकटक झाली की कुणी उठत नाही. दादा बसल्या जागेवरून विचारतो, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येतं. शेजारीण असते, पेपरवाला असतो, कुरियरवाले काका असतात. दादा त्यांना बोलतं ठेवतो. कुठून आलात, ऊन किती आहे, घरचे कसे आहेत. लोकांना वाटतं, याला झालंय तरी काय.

आणि तो बोलत असताना घरातले सगळे माझ्याकडे बघत असतात.

मी डोळे मिटून ऐकते. बाहेरच्या माणसाने मध्ये कुठेतरी श्वास घेतला, की मी मान हलवते.

मगच दार उघडतं.